दहावं माणूस

रविवारची जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं आणि दादाने खालच्या कारखान्यातून न वळलेल्या खोक्यांचा गठ्ठा आणून टेबलाच्या मधोमध आपटला. म्हणजे बैठक होती. ताई नुकतीच भांडी आवरून खुर्चीत टेकली होती. तिला वाटलं होतं, निदान आजची दुपार तरी सुखाने जाईल. पण या घरात सुखाने गेलेली दुपार कुणी कधी पाहिली होती?

आबा जाऊन वर्षं लोटली. त्यांचे बाकीचे नियम मुलांनी सोयीसोयीने विसरून टाकले, एक मात्र टिकला. कारखान्याबद्दल बोलायचं तर खोकी वळत बोलायचं. "हात चालू तर तोंड चालू," असं आबा म्हणायचे. ज्याचे हात थांबले त्याची बोलायची पाळी गेली. त्याने पुढचं खोकं पुरं करावं, मग तोंड उघडावं. अशाने माणसं कमी भांडतात, असा आबांचा समज होता. प्रत्यक्षात माणसं तेवढीच भांडत, फक्त भांडण संपेस्तोवर बेकरीची निम्मी ऑर्डर तयार होई.

पाच जणं बसली. दादा, वहिनी, धाकटा, दादाची सून आणि ताई. दादाचा मुलगा माल घेऊन बाहेरगावी गेला होता, त्यामुळे त्याच्या वतीने बोलायचा अधिकार त्याच्या आईने आणि बायकोने आपापसांत वाटून घेतला होता. सुनेने एक खोकं ओढलं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिच्या खोक्याचा एक कान बाहेर राहायचाच, आणि धाकटा तो न बोलता आत खोचायचा. ती एका मोठ्या हॉस्पिटलात विम्याच्या काउंटरवर बसायची. खोकी वळण्याचा आणि तिचा संबंध या टेबलापुरताच होता.

ताईने डाव्या हाताने पुठ्ठा घेतला. उजवा नुसता वर ठेवला, धरल्यासारखा. गेले काही महिने तिचं हे असंच चाललं होतं.

"उद्या सकाळी तपासनीस येणार आहे," दादा म्हणाला. त्याची बोटं झपाझप चालली होती. "नव्या कायद्यासाठी. जिथे दहा माणसं कामाला, तिथे सगळ्यांचा आरोग्य विमा काढायचा. सक्ती. अर्धा हप्ता मालकाने भरायचा, अर्धा त्यांच्या पगारातून कापायचा. दहाच्या खाली असाल तर तुमची मर्जी."

"आपल्याकडे नऊच आहेत," धाकटा म्हणाला.

"बाहेरचे नऊ."

सगळ्यांचे हात चालू होते. दादाने एकदा ताईकडे पाहिलं आणि नजर पुन्हा पुठ्ठ्यावर नेली. दादा, धाकटा आणि दादाचा मुलगा भागीदार होते, म्हणजे मालक. मालक मोजणीत येत नाहीत. राहिली ताई. सोळाव्या वर्षापासून ती त्या खालच्या खोलीत, खिडकीजवळच्या लांब टेबलापाशी उभी राहून खोकी वळत आली होती. ती मालक नव्हती. कामगारही नव्हती. ती 'घरातली' होती. इतकी वर्षं तिला कुणी कशातच मोजलं नव्हतं, आणि आज सरकारने मोजायचं म्हटल्यावर ती नेमकी दहावी निघाली होती.

"मग उद्या मी वर थांबू?" ताईने विचारलं. "कपाटात वगैरे लपायचं असेल तर आधी सांग, कपाट रिकामं करून ठेवते."

"चेष्टा नको. मी उपाय काढलाय." दादाने खोकं बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं. आवाज जरा मऊ केला. "तुला भागीदार करून घेतो. कागद तयार आहेत. तू सही केलीस की तू मालक. प्रश्नच मिटला."

वहिनीच्या तोंडून नकळत "अगं बाई!" निघालं. धाकटा हसला, खरंच आनंदाने हसला, कारण धाकट्याच्या मनात कधी काळंबेरं नसायचं. एवढा खोलवर विचारच नसायचा. सगळे ताईकडे बघू लागले. आता हिचा चेहरा उजळणार, डोळे भरून येणार, अशी सगळ्यांची अपेक्षा.

ताईच्या डोळ्यांत काही आलं नाही. आबा गेले तेव्हा तिने एकदा, एकदाच, विचारलं होतं. दादा म्हणाला होता, "सगळं तुझंच तर आहे, कागद कशाला हवा?" तिने पुन्हा विषय काढला नाही. मागच्या वर्षी दादाचा मुलगा भागीदार झाला. पुठ्ठ्याची गुळगुळीत बाजू कुठली हे अजून त्याला उलटसुलट करून बघावं लागायचं. तेव्हाही कागद होते आणि ते घाईने झाले होते. आणि आता, ती मोजली जाऊ नये म्हणून, तिला पाटावर बसवायला निघाले होते. एवढं मोठं बक्षीस, आणि कशासाठी? तर नसल्यासारखं होण्यासाठी.

"मालक झाले की माझ्या विम्याचं काय?" तिने विचारलं.

"मालकांना हा कायदा नाही. आपला आपण काढायचा," धाकट्याने माहिती दिली.

"तू काढलायस?"

"बघतोय."

"तू लग्न झाल्यापासून बघतोयस."

"ताई, मला अजून काय होतंय? धडधाकट आहे!" धाकट्याने दंड थोपटले आणि त्या नादात त्याचा हात थांबला. दादाने नुसती बोटाने खूण केली. धाकटा गप्प बसून खोकं वळू लागला.

टेबलाखालून सुनेचा पाय ताईच्या पायाला लागला. ताईने तिकडे पाहिलं नाही. महिन्यापूर्वी सूनच तिला आपल्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती, बाजारात जातो असं सांगून. मनगटात शीर दाबली गेली आहे, डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं एकच काम केल्याने होतं असं. शस्त्रक्रिया छोटीच, पण लवकर करा. दोन-चार महिन्यांपलीकडे गेलं तर अंगठ्याची ताकद परत येईलच असं नाही. ताईने सुनेला शपथच घातली होती, घरात बोलायचं नाही म्हणून. घरात बोललं की दया येते, आणि दयेच्या मागोमाग उशीर येतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, मी बोलू?" सून म्हणाली.

"खोकं पुरं कर आणि बोल."

सुनेने चारही कान कसेबसे कोंबले. "माझ्या काउंटरवर रोज दहा-बारा माणसं अशी येतात की ज्यांच्याकडे काहीच नसतं. सगळ्यांचं वाक्य ठरलेलं. 'आम्हाला कधी काही झालंच नव्हतं हो.' मी काय सांगू त्यांना? दुखणं कुणाला विचारून येतं का? म्हणून सक्ती. ज्याला वाटेल त्याने घ्यावा म्हटलं तर आजारी पडल्यावरच लोक येणार, आणि आजाऱ्यांनीच भरून आजाऱ्यांचं भागतं का कधी?"

"म्हणजे धडधाकटांनी भरायचं."

"हो. आज त्यांनी, उद्या त्यांच्यासाठी दुसऱ्यांनी."

"हे तू खाली जाऊन त्या पोरांना सांग," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण खोकं टेबलावर जरा जोरात बसलं. "मी विचारलंय त्यांना. मशीनवरचा पोरगा म्हणाला, मला काय धाड भरलीय? माझा पगार कापू नका. गोंदवाली बाई म्हणाली, विमा नको, तेवढे हातात द्या, पोरांची शाळा आहे. ते मोठे आहेत ना? स्वतःचं बरंवाईट त्यांना कळतं ना? की ते पण सरकारला जास्त कळतं?"

"गोंदवाल्या बाईच्या नवऱ्याला मागच्या वर्षी—"

"माहीत आहे मला काय झालं. दवाखान्यात कोण बसलं होतं रात्रभर? मी का तुझं सरकार?"

हे खरं होतं. दादा बसला होता. दादाचं हेच तर दुखणं होतं की तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ताईने केव्हाच त्याच्याशी भांडण करून मोकळं व्हायचं ठरवलं असतं. तो कुणाच्याही मदतीला धावायचा, फक्त ती मदत त्याची असली पाहिजे, त्याच्या हाताने दिलेली आणि त्याच्या सवडीने.

"आणि पुढचं ऐक," दादा आता सुनेशीच बोलत होता. "नाक्यापलीकडे मोठा कारखाना झालाय. त्यांच्याकडे शंभर माणसं, त्यांना हा हप्ता म्हणजे किरकोळ. बेकरीवाला दर आठवड्याला मला त्यांचा भाव ऐकवतो. मी हप्ता भरायला लागलो की दोघांना काढावं लागेल. दोघं गेली की उरले आठ. आठांना कायदा नाही. म्हणजे बघ, दोघांची नोकरी गेली आणि बाकीच्यांना विमाही नाही. कुणाचं भलं झालं यात? सांग ना."

सुनेने सरळ सांगितलं, "हे मला नाही सांगता येणार, बाबा. कायदा काही सोन्याचा नाही. मी रोज त्याच्याशी डोकं फोडते. मंजुरी वेळेवर येत नाही, यादीतल्या हॉस्पिटलात गर्दी, फोन उचलत नाहीत. पण नसण्यापेक्षा आहे ते बरं."

"नसण्यापेक्षा बरं म्हणे!" धाकट्याला आता कंठ फुटला. मघापर्यंत तो तळ्यातमळ्यात होता, पण दोघांना काढायचं म्हटल्यावर त्याला मशीनवरचा पोरगा आठवला. तो त्याचा लाडका. "दादाचं बरोबर आहे. भरायचं आपण, आणि आपल्याला तर मिळणारच नाही. असला कसला कायदा? ताई, करून टाक सही. बोर्डावर तुझं नाव लावू. मी स्वतः रंगवतो."

"तुझं अक्षर बघितलंय मी," ताई म्हणाली.

"मग रंगाऱ्याला बोलावतो. पण बोल ना काहीतरी!"

ताई बोलणारच होती. काय बोलायचं तेही ठरलं होतं. तिने नवा पुठ्ठा ओढला, डाव्या हाताने घडी घातली, आणि बोलता बोलता सवयीने उजवा अंगठा कानावर दाबला. तिथे अंगठा होता, पण दाब नव्हता. घडी उलगडली, खोकं हातातून निसटलं आणि टेबलावरून खाली गेलं. तिने दुसरं घेतलं. तेही उलगडलं.

"हात थांबले! ताईची पाळी गेली!" धाकटा ओरडला. त्याला मजा वाटली होती. उभ्या जन्मात ताईची पाळी कधी गेली नव्हती.

"कसे चालतील हात?" वहिनी एकदम म्हणाली.

तिचा आवाज असा काही लागला की सगळ्यांचेच हात थांबले, आणि नियमाने पाहिलं तर त्या क्षणी घरात कुणालाच बोलायचा अधिकार उरला नव्हता. वहिनीने नियम बाजूला ठेवला. "तुम्हाला कुणाला डोळे आहेत की नाही? यांच्या हातून या महिन्यात तीन कप फुटले. भाजी मी चिरते, कारण यांना सुरी धरवत नाही. सकाळी बटणं लावायला यांना इतका वेळ लागतो की मी बाहेर उभी राहून गाणं गुणगुणते, म्हणजे यांना वाटावं मला घाई नाही. आणि तुम्ही म्हणे बोर्ड रंगवताय!"

"वहिनी—" ताई म्हणाली.

"गप्प बसा वन्सं. इतकी वर्षं गप्पच बसलात, अजून जरा वेळ बसा."

मग सुनेनेही शपथ मोडली. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिने ताईकडे अपराध्यासारखं पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखंही दिसत होतं.

दादा पांढराफटक पडला. तो उठला, टेबलाला वळसा घालून ताईच्या खुर्चीशी आला, आणि तिचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला. त्याचे हात खरखरीत आणि गरम होते. ताईला ते तळव्याला कळलं, अंगठ्याला कळलं नाही.

"मला सांगायचं नाहीस?" तो म्हणाला. "मी करतो ना तुझं ऑपरेशन. मी मेलोय का? त्याला सरकार कशाला? हा महिना जाऊ दे, बेकरीचं बिल आलं की लगेच."

"दाताच्या वेळेसही असंच म्हणाला होतास."

"कुठल्या दाताच्या?"

"बघ. तुला आठवतही नाही. बिल आलं की जाऊ म्हणालास. मग मशीन बिघडलं. मग मुलाचं लग्न आलं. मग दात आपणहून पडला, आणि तू म्हणालास, चला, डॉक्टरची कटकट मिटली." ताईने आपला हात त्याच्या हातातून सोडवून घेतला. "चष्म्याच्या वेळेस तेच. तू देतोस दादा, नाही म्हणत नाहीस कधी. पण प्रत्येक वेळी मला तुझ्या दारात उभं राहून मागावं लागतं. मी काय पाहुणी आहे? मला मागायचं नाहीये. मी काम केलंय त्याचं मला न मागता मिळायला हवंय. एवढं साधं आहे ते."

"म्हणून तर भागीदार करतोय!"

"भागीदार करतोयस म्हणजे मला काही मिळू नये म्हणून करतोयस!"

"असं नाही. तुझा वेगळा विमा काढू. खाजगी."

"दुखणं आधीच आहे, बाबा," सून म्हणाली. "खाजगीवाले दारात उभं करणार नाहीत. त्यांच्यात निवड असते. इथे सक्ती आहे म्हणून तर आजारी माणूसही आत येतो. आणि हेही नीट ऐका. कायद्याच्या आधीपासून जे कामावर आहेत त्यांना लगेच लागू. जे नवीन लागतील त्यांना जुन्या दुखण्यासाठी वर्षभर थांबावं लागतं. आत्यांना वर्षभर थांबून चालणार नाही."

दादा खुर्चीत परत जाऊन बसला. तो हातातल्या पुठ्ठ्याच्या त्याच त्या घडीवरून नख फिरवत राहिला.

"माझ्या बहिणीच्या हातासाठी मी नऊ जणांचा पगार कापू?" तो म्हणाला. "तूच सांग, ताई. उद्या दोघांना मी घरी बसवलं तर त्यांच्या डोळ्याला डोळा देशील?"

हे ताईला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. गोंदवाली बाई आणि ती शेजारी शेजारी उभ्या राहून काम करत. एकीच्या डब्यातलं दुसरी खाई. तिच्या पोरांची शाळा ताईच्या अंगठ्यात अडकावी, ही कुठली बुद्धी? सरकारने दहाचा आकडा कुठून काढला असेल कोण जाणे. कुणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बसून बोटं मोजली असतील, आणि इथे सख्ख्या भावाबहिणीत भिंत उभी राहिली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला खरंच नाही माहीत. पण त्या दोघांना काढायचा हिशोब करताना तुला मीच का सापडले? बेकरीवाल्याशी भाव वाढवून मागायचा हिशोब का नाही सुचला? त्याच्याशी बोलायची तुला लाज वाटते आणि मला मिटवायची नाही वाटत."

"कागद इथे ठेवतोय," दादा म्हणाला. "सही करायची नसेल तर उद्या तपासनीस जाईपर्यंत खाली येऊ नकोस. एवढं तरी करशील ना माझ्यासाठी?"

तो उठून गेला. धाकटा त्याच्या मागे गेला, दारात थबकला, परत आला, सुनेच्या खोक्यांचे बाहेर राहिलेले कान खोचून ठेवले आणि मग गेला. त्याला नक्की कुणाच्या बाजूने जायचं तेच कळत नव्हतं.

वहिनी कप विसळत होती. ताई शेजारी फडकं घेऊन उभी राहिली. वहिनीने एकही कप तिच्या हातात दिला नाही, सगळे स्वतःच पुसून ठेवले.

"खाली जा उद्या," वहिनी नळाकडे बघत म्हणाली.

"तुमचा नवरा माझ्याशी बोलायचा नाही पुन्हा."

"माझ्याशी तरी कुठे बोलतो? जगतेच आहे ना मी?"

ताईला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. दोघींनी ते कपबश्यांच्या आवाजात घालवलं.

सोमवारी सकाळी ती नेहमीच्या वेळेला उठली. कागद टेबलावर होते, त्यांवर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवला होता, उडू नयेत म्हणून. तिने ते वाचले. तिचं पूर्ण नाव होतं, व्यवस्थित छापलेलं, चौथ्या ओळीत, भाच्याच्या नावाखाली. तिने तांब्या परत होता तसा ठेवला. मग बटणं लावली, वेळ लागला तितका लावला, आणि जिना उतरली.

खाली मशीन धडधडत होतं. पुठ्ठ्याच्या भुशाचा आणि गोंदाचा वास होता. ती खिडकीजवळच्या लांब टेबलापाशी जाऊन उभी राहिली. गोंदवाल्या बाईने तिच्याकडे बघून मान हलवली आणि काही न बोलता आपले गठ्ठे थोडे सरकवून जागा केली. दादाने मशीनच्या पलीकडून पाहिलं. त्याचा चेहरा दगडासारखा झाला.

तपासनीस बाई आली ती वैतागूनच आली. वाटेत तिच्या बुटाची टाच निघाली होती आणि सकाळपासून ही तिची तिसरी जागा होती. "प्रत्येक ठिकाणी नऊ," ती दादाला म्हणाली. "या रस्त्यावर मला एकही कारखाना सापडला नाही जिथे आठ आहेत किंवा अकरा आहेत. सगळीकडे नऊ. तुमच्याकडे किती?"

"नऊ," दादा म्हणाला.

तिने माणसं मोजायला सुरुवात केली. मशीनवरचा पोरगा, त्याच्या मागचे दोघं, गठ्ठे बांधणारे, गोंदाचं टेबल. मोजत मोजत ती खिडकीशी आली आणि थांबली.

"आणि या?"

"ती घरातली आहे," दादा म्हणाला. "माझी बहीण. मदतीला येते कधीमधी."

"हो का? बाई, तुम्ही इथे काय करता?"

मशीन थांबलं होतं. ते धाकट्याने थांबवलं होतं. नेमका आताच का, हे नंतर त्यालाही सांगता आलं नसतं. ताईच्या समोर न वळलेल्या खोक्यांचा ढीग होता आणि नऊ माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांतल्या दोघांची नोकरी कदाचित तिच्या उत्तरावर होती. कुणाची, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि तिलाही.

"मी इथे कामाला आहे," ती म्हणाली. "खोकी वळते. रोज."

"म्हणजे दहा." तपासनीस बाईने दादाकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं, राग आला नव्हता. तिला फक्त पुढच्या ठिकाणी पोचायचं होतं. "कामावर कधीपासून? हे मालकांनी सांगायचं असतं. जुन्या असतील तर संरक्षण आजपासून. नवीन असतील तर आधीच्या दुखण्याला वर्षभर काही नाही. काय लिहू? माझं काही नाही, दोन्ही चालतं."

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईला कळलं की आता सगळं त्याच्या एका वाक्यावर आहे. 'नवीन आहे' म्हटलं तरी तो खोटा ठरणार नव्हता. कुठेच काही नोंद नव्हती. कायदाही पाळला गेला असता, आणि तिचा हातही गेला असता. ती त्याच्याकडे काही मागणार नव्हती. तिने ठरवलंच होतं. ती नुसती उभी राहिली, आणि हे उभं राहणंही मागण्यासारखंच दिसत असेल या विचाराने तिची चिडचिड झाली.

दादाने घसा खाकरला. गोंदवाली बाई त्याच्याकडे बघत होती. मशीनवरचा पोरगा बघत होता.

"माझ्या आधीपासून," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"मी कॉलेजला होतो बाहेर. वडील आजारी पडले तेव्हा परत आलो. मला मशीन चालवता येत नव्हतं, खोकं वळता येत नव्हतं. हिने शिकवलं मला. या टेबलापाशी." तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. "तीस वर्षं धरा. जास्तच होतील. लिहा तसंच. आणि लवकर लिहा, बाई, बेकरीचा माल जायचाय."

मशीन पुन्हा सुरू झालं. तपासनीस बाई लिहू लागली. गोंदवाल्या बाईने ताईच्या पाठीवर हात ठेवला. वर जिन्याच्या तोंडाशी वहिनी उभी होती, तिने डोळ्यांना फडकं लावलं होतं. आता ताईच्या हाताचं होणार होतं. दोन महिन्यांत, फार तर तीन. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही.

पण त्याच्या तळातून एक राग वर आला. तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं, याच्या लक्षातच येत नाही. बिचारा कामाच्या गडबडीत असतो, आपण काय करतो ते याला दिसतच नाही. या एका समजुतीवर तिने सगळं सोसलं होतं, दात, चष्मा, भाच्याचे कागद, सगळं.

त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून त्याला पक्कं माहीत होतं.